घरभार एकसष्ट

हल्ली घटस्फोट मागायला गेलं, की कोर्ट आधी नवराबायकोला नाही, त्यांच्या घराला तपासतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. बातम्यांत ऐकलं होतं. पण बातम्यांतलं आपल्या दारात येईल असं कोणाला वाटतं? त्या दिवशी कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक ठोंबरे बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या नवऱ्याकडे, श्रीरंगकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "कितव्या मजल्यावर राहता?"

"चौथ्या," मी म्हटलं.

"आणि फ्लायओव्हर?"

"तोही चौथ्याच," श्रीरंग म्हणाला.

एरवी अशा उत्तरावर मी हसले असते. पण हसायलाही अंगात थोडं त्राण लागतं. बाईही हसल्या नाहीत. त्यांनी कानामागे चिकटवायच्या दोन चकत्या काढल्या, टिकलीपेक्षा जरा मोठ्या. एक पेटीही दिली, घरात मधोमध ठेवायला. म्हणाल्या, "महिनाभर हे घरी लावा. मग दोन महिने आमच्या घरी राहायला या."

"तुमच्या घरी?"

"कोर्टाच्या. तटस्थ निवास म्हणतात त्याला."

लोक मात्र त्याला कोर्टाचं माहेर म्हणतात.

आमची सोसायटी पुण्यातली, नाव 'वनश्री'. वन म्हणावं असं आवारात काही असेल तर तुळशीच्या चार काड्या. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा समोर पेरूची बाग होती. मग बाग गेली, पूल आला. पुलाच्या डोक्यावर मेट्रो आली. मागे काचेचा टॉवर उभा राहिला आणि दुपारचं ऊन आमच्या स्वयंपाकघरात फेकायला लागला. पुलावर जाहिरातीचा मोठा पडदा बसला, तो आमच्या बेडरूमची भिंत कधी निळी, कधी केशरी रंगवायचा. खिडक्या उघडल्या तर एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. मग आम्ही त्या लावून घेतल्या. बोलणं ऐकू यायला लागलं आणि भांडणं सुरू झाली.

भांडणं तरी कशावरून? ओला टॉवेल, कुकरची शिट्टी, दाराची कडी. "कडी हळू लावता येत नाही का तुला?" एवढ्यावरून आमचा चार-चार दिवस अबोला चालायचा. मध्ये एका वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून आम्ही पलंग नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात हलवला. घरात शांती नांदेल म्हणाले होते. पुढे मोजणीत कळलं, की पुलाच्या खांबाला सगळ्यांत जवळचा कोपरा तोच. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आमची मुलगी ओवी बारावी झाली आणि बंगळुरूला जी गेली ती गेलीच. शेवटी तीच फोनवर म्हणाली, "आई, वेगळे व्हा. पण एकदाचे काय ते व्हा."

आम्ही एकमेकांचा द्वेष करत होतो असं मुळीच नाही. द्वेषाला जोर लागतो. आम्ही नुसते दमलो होतो, आणि दमलेल्या माणसाला शेजारचं माणूस म्हणजे आणखी एक ओझं वाटतं.

घरभार काय असतो ते इथं सांगायला हवं. डॉ. सुलभा नाईकवाडे नावाच्या बाईंनी तो शोधून काढला. कानामागची चकती माणसाच्या घामातली ताणाची रसायनं मोजते, हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर मोजते, झोप किती खोल लागली ते पाहते. घरातली पेटी घर मोजते: किती उजेड, किती उष्मा, हवेत उच्छ्वासाचा वायू किती साठला, खिडकीतून आभाळ किती दिसतं. आणि आवाज. ऐकू येणारा तर मोजतेच, पण मुख्य म्हणजे ऐकू न येणारा. पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये लोखंडी सांधा असतो. त्यावरून ट्रक गेला की एक धक्का बसतो, तो खांबातून जमिनीत आणि जमिनीतून आपल्या भिंतीत येतो. कानाला तो कळत नाही, इतका खालच्या पट्टीतला असतो. पण मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, धोका ओळखणारा. त्याला वाटतं, कोणीतरी जड पावलांनी जवळ येतंय. तो शरीराला उठवतो. माणूस जागा होत नाही, पण नीट झोपतही नाही. असं रात्रभर चालतं, आणि वर्षानुवर्षं चालतं. आपण म्हणतो, सवय झाली. सवय कानाला होते, त्या बदामाला होत नाही.

इथवर नवीन काही नव्हतं. नाईकवाडे बाईंची करामत पुढची. हीच माणसं वेगवेगळ्या जागी राहिली की त्यांचा ताण कसा बदलतो, हे लाखो लोकांवर पाहून त्यांनी गणित बसवलं. त्या गणितानं ताणाचे दोन वाटे करता येतात, एक माणसाचा आणि एक घराचा. शंभरातला घराचा वाटा म्हणजे घरभार.

झालं! सगळा देश आपल्या घराकडे बोट दाखवायला लागला. नापास झालेली पोरं घरभार सांगू लागली. लग्नाच्या जाहिरातीत 'मुलगा निर्व्यसनी, घरभार अठरा' असं येऊ लागलं. डॉक्टर झोपेच्या गोळ्या लिहायच्या आधी आकडा विचारू लागले. आणि न्यायालयांना प्रश्न पडला, की एवढे घटस्फोट होतात त्यांतले नवराबायकोचे किती आणि भिंतींचे किती? म्हणून हे माहेर.

कोर्टाचं माहेर मुळशीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी होतं. जाड भिंतींची, कौलारू, एकसारखी घरं, एकमेकांपासून लांब. आम्हाला ज्या घराची किल्ली मिळाली त्याला ओसरी होती आणि ओसरीसमोर भाताचं खाचर.

पहिले काही दिवस आम्ही दोन पाहुण्यांसारखे वागलो. "चहा घेणार का?" "असेल तर." मग एका दुपारी श्रीरंग ओसरीवर पुस्तक वाचता वाचता झोपला. मी काही कामानं बाहेर आले आणि थबकले. त्याच्या दोन भुवयांच्या मधली आठी गेली होती. मला ती जन्मखूण असल्यासारखी पाठ झाली होती. तिच्याशिवायचा चेहरा मी लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत पाहिला असेल.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं दूध उतू घालवलं. सगळा ओटा पांढरा झाला. तो माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मी त्याच्याकडे. दोघंही वाट बघत होतो, की आता सुरू होणार. काहीच सुरू झालं नाही. मला राग शोधूनही सापडेना.

"तुला बोलायचंय का काही?" त्यानं घाबरत विचारलं.

"आठवत नाहीये," मी म्हटलं.

मग तो हसला. मीही हसले. इतकी हसले की ओट्याला टेकावं लागलं. हसता हसता मला रडू फुटलं, आणि ते काही आनंदाचं नव्हतं. मला भयंकर राग आला होता. हा माणूस असा होता? इतकी वर्षं हा असाच होता आणि मी एका पुलाशी संसार करत होते? आणि मी तरी? त्याच्या वडिलांच्या आजारपणात मी जे बोलले, ते मी बोलले की भिंत बोलली? रागवायचं तर कोणावर?

त्या संध्याकाळी आम्ही खाचराच्या बांधावरून लांबवर चालत गेलो. तो त्याच्या वडिलांबद्दल बोलला, त्यांच्या आदळआपटीला तो लहानपणी किती भ्यायचा ते. इतका सलग तो माझ्याशी कधी बोललाच नव्हता. परत येताना म्हणाला, "केतकी, आपण उगीचच आलो गं इथं."

"का रे?"

"माहीत नव्हतं तेच बरं होतं. आता परत कसं जायचं?"

अहवाल आला. घरभार एकसष्ट. ठोंबरे बाई आनंदानं म्हणाल्या, "तुमच्या लग्नाला काहीही झालेलं नाही. घर बदला."

"बाई," मी म्हटलं, "घर म्हणजे चप्पल आहे का, चावली म्हणून बदलायला?"

बाईंनी पाणी पुढे केलं. त्या रोज हेच ऐकत असणार. कमी भाराची घरं आता सोन्याच्या भावानं जातात, आणि जास्त भाराच्या घराला कुत्रंही विचारत नाही. कोर्टानं दिवाळीनंतरची तारीख दिली. तोवर घर बदललं तर अर्ज मागे घ्यायचा. नाही बदललं तर त्यांचं मत स्पष्ट होतं: त्या घरात आम्ही एकत्र राहू नये. श्रीरंगनं वाईला भावाकडे जावं, मी माझ्या शाळेच्या वसतिगृहात खोली घ्यावी, आणि कोर्ट सही करून देईल. म्हणजे ज्या नवऱ्याला सोडायला मी गेले होते, तो नवरा मला परत आवडायला लागल्यावर आता सोडायचा!

भोरला एक दोन खोल्यांची जागा सापडली, घरभार बावीस. मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. पण आमचा फ्लॅट विकला गेला तरच ते जमणार होतं.

घरी परतल्यावर आम्ही मनाशी ठरवलं होतं, की आता कळलंय ना, मग भांडायचं नाही. आठवडाभर निभावलं. मग एके सकाळी श्रीरंगनं चष्मा शोधता शोधता कपाटाचं दार आपटलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या बापासारखाच आहेस." बांधावर त्यानं मला जे विश्वासानं सांगितलं होतं, तेच मी उचलून त्याच्या तोंडावर मारलं. आजारी पडायचं कारण कळलं म्हणून ताप उतरत नाही.

सोसायटीला आकडा कळला तेव्हा आणखीच बहार आली. सेक्रेटरी वैशंपायन काकांनी तातडीची सभा बोलावली. सगळ्यांच्या फ्लॅटची किंमत पडणार होती ना!

"केतकीताई," काका भर सभेत म्हणाले, "नवराबायकोची भांडणं कुठं होत नाहीत? आमची नाही होत? म्हणून काय बिल्डिंगची अब्रू घालवायची? तो एकसष्ट तुमच्या दोघांचा आहे, बिल्डिंगचा नाही."

लोकांनी माना डोलावल्या. कोणाचे डोळे लाल, कोणाच्या कपाळाला बाम. श्रीरंग काहीतरी बोलायला उठला आणि तसाच खाली बसला. वाद घालण्याइतकं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं, आणि माझ्यातही नाही. सभेनंतर जिन्यात वैशंपायन काकूंनी मला गाठलं. मागे पुढे बघून हळूच म्हणाल्या, "ती चकती कुठं मिळते गं?"

गिऱ्हाईक येईना. एजंट फोन उचलेना. दसरा झाला आणि मला झोपेत वसतिगृहाची खोली दिसायला लागली, एक कॉट, एक टेबल. तेवढ्यात एजंटचाच फोन आला. एक नवं जोडपं होतं, मूळचं बार्शीचं, बजेट कमी, घर बघायला यायचं म्हणत होतं.

"रविवारी सकाळी बोलाव," श्रीरंग म्हणाला. रविवारी सकाळी पुलावर वाहनं कमी असतात आणि टॉवरचं ऊन दुपारशिवाय येत नाही. मला त्याची चलाखी कळली आणि मी गप्प बसले. "आणि हे बघ केतकी, आकडा कागदावर आहे, कायद्यानं त्यांना तो दिसणारच. आपण काही लपवत नाही. फक्त त्यापुढं आपण काही बोलायचं नाही. बोलशील तर आपलं संपलं."

"नाही बोलणार," मी म्हटलं, आणि तेव्हा मला तसंच वाटत होतं.

मुलीचं नाव ईश्वरी, मुलाचं प्रणीत. लग्न वैशाखात झालेलं. तिच्या हातातला चुडा अजून नवा दिसत होता. दोघं भीत भीत सोफ्याच्या कडेवर बसले. मी पोहे दिले. मग ते घर बघायला उठले. प्रणीतनं फ्रीजसाठी कोपरा वितींनी मोजला. ईश्वरी म्हणाली, "आवं, तुमची वीत केवढी, फ्रीज केवढा! फ्रीज आला की हितं दारच उघडायचं नाही." त्यावरून दोघं आपसांत हसले. तो तिच्या दंडाला हलकेच धरून तिला दुसऱ्या खोलीत घेऊन गेला.

आम्हीही ह्याच घरात कपाटाच्या जागेवरून असेच हसलो होतो. मला ते आठवलं. तेवढ्यात पुलावरून पहिला जड ट्रक गेला. त्यांना काही जाणवलं नाही. मला जाणवलं.

ते परत येऊन बसले. प्रणीत म्हणाला, "आम्हाला आवडलंय. टोकन आजच देऊ म्हणतो."

श्रीरंगनं माझ्याकडे पाहिलं. नजरेत विनवणी होती. मी मान खाली घातली, आणि खाली मान घालूनच बोलले.

"घेऊ नका हे घर."

"केतकी!"

"मला बोलू दे. ईश्वरी, कागदावर एकसष्ट आहे. तो नुसता आकडा वाटतो गं. आम्ही घटस्फोटाच्या दारात उभे आहोत. हा माणूस वाईट नाही. मीही नसेन. पण इथं आम्ही एकमेकांना काय काय बोललो, ते मी तुला सांगू शकत नाही. आधी झोप जाते. मग हसणं जातं. मग वाटतं, ह्याचाच स्वभाव असा. तुम्ही आत्ता हसलात ना, ते इथं टिकायचं नाही."

श्रीरंग उठून खिडकीशी गेला. त्याची पाठ आमच्याकडे होती. मुठी आवळलेल्या मला दिसल्या. भोर गेलं, हे मला कळलं. तोही बहुधा गेला, हेही कळलं. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला काही हलकं वाटलं नाही. नुसता अंगातला सगळा जीव गेल्यासारखं झालं.

ईश्वरीनं प्रणीतकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मग ती म्हणाली, "काकू, आम्ही आता जिथं ऱ्हातो ना, तिथला बहात्तर हाय."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "किती?"

"बहात्तर. डेटा सेंटरच्या मागं खोली हाय. त्यांची ती गार करायची यंत्रं रातंदिस चालत्यात. खिडकी हाय, पण ती त्यांच्या भिंतीवरच उघडती. लग्नाआधी चार वर्सं आम्ही बोलत होतो, एकदा भांडलो न्हाई. आता रोज. ह्यांना वाटतं मी रडकीच हाय. मला वाटतं ह्यांनी मला फशिवलं." तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. "अकरानं कमी हुईल, काकू. आमच्यासाठी अकरा लई झाले."

मी त्यांना वाचवायला निघाले होते! आमच्या नरकाला त्यांनी सुटका म्हणून निवडलं होतं, अगदी आम्ही भोरला निवडलं होतं तसंच. आणि त्यांच्या त्या खोलीत उद्या तिसरं कोणीतरी येईल, आणि तेही हसत फ्रीजची जागा मोजेल. भार कमी होत नाही, नुसता खालच्या माणसाकडे सरकतो. आम्ही आमचा सरकवत होतो. कायद्यानं, कागदावर आकडा लिहून.

श्रीरंग खिडकीपासून वळला. मला वाटलं आता ओरडेल. तो काही न बोलता आत गेला. स्वयंपाकघरात डबे वाजले. बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात तांदळाची वाटी.

"नवी सून आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पहिल्यांदा आलीय घरी. अशीच पाठवणार आहेस का?"

मला उठवेना, पण उठले. कपाटातून एक खण काढला, देवापुढचा करंडा आणला. तिला हळदकुंकू लावलं. तिनं ओढणीची दोन टोकं ओंजळीसारखी पुढं धरली. मी त्यांत खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. सुटल्याचा आनंद मला होत होता. खोटं कशाला बोलू, खूप होत होता. आणि त्याची इतकी लाज वाटत होती की तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

ओटी भरल्यावर 'सुखानं नांदा' म्हणायचं असतं. माझ्या आईनं मला म्हटलं होतं, सासूबाईंनी म्हटलं होतं. माझे ओठ हलले, पण ते शब्द निघेनात.

"भांडण आलं," मी म्हटलं, "की आधी दोघं घराबाहेर पडा. जेवण गॅसवर असलं तरी गॅस बंद करा आणि निघा. लांब चालत जा, पूल दिसेनासा होईपर्यंत. मग काय भांडायचं ते भांडा."

प्रणीत हसला. त्याला गंमत वाटली.

ईश्वरी हसली नाही. तिनं ओटी छातीशी धरली आणि विचारलं, "कुठल्या बाजूनं जायचं, काकू?"

मी तिला खिडकीशी नेलं आणि रस्ता दाखवला.